जाळं कापायचं, तर खर्च कोणाचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दापोली-गुहागर पट्ट्यात तुमच्या घरच्या गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं लावायच्या जाळ्याच्या, दोन होड्या आहेत. गेल्या हंगामात जाळ्यात दोनदा कासव आणि एकदा व्हेल शार्क आला, तिन्ही वेळा जाळं कापून सोडून दिलं. गावात आता कासव महोत्सव भरतो, पुण्या-मुंबईची माणसं येतात. तुम्ही विचारलंय, "यात आमचं काय? हे प्राणी वाचवून मच्छीमाराच्या घरात नेमकं काय येतं? आणि पुढच्या वेळी अडकलं तर कमीत कमी नुकसानीत सोडायचं कसं?"

कासवाला किंमत आहे यावर आता फारसं कोणाचं भांडण उरलेलं नाही. भांडण आहे ते ही किंमत मोजतो कोण आणि वसूल करतो कोण, यावर. मोजतो तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, भर समुद्रात, हातात सुरी घेऊन, पाच मिनिटांत निर्णय करून. वसूल करतो किनाऱ्यावर खोल्या असलेला घरवाला, कधी कोळंबीचा निर्यातदार. मधलं अंतर पूर्ण भरून निघत नाही, पण बरंच कमी करता येतं. ते कसं, हेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. त्यासाठी जाळं कसं कापलं, फोटो कोणी काढले आणि गावाने पैशाची सोय कशी लावली या तीन गोष्टी बघाव्या लागतात.

काय कशावर अवलंबून आहे ते आधी सांगून टाकतो. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, आलेलं कासव बहुतेक वेळा जिवंत आणि चपळ असतं, कारण जाळं लवकर ओढलं जातं. उचलून पाण्यात सोडलं की झालं, कापायचा प्रश्नच येत नाही. तरंगत्या गिलनेटमध्ये अडकलेलं कासव बऱ्याचदा जाळ्यासकट वर येऊन श्वास घेतं. तेच जाळं तळाला लावलेलं असेल तर ते वर येऊच शकत नाही. डोल, म्हणजे एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या एका फेऱ्यात तासन् तास लावलेली राहते आणि ट्रॉलची, म्हणजे होडीमागे ओढायच्या जाळ्याची, एक ओढ दोन-तीन तासांची असते, तिथे कासव बुडून मरतं. शांत बसलेलं कासव तासन् तास पाण्याखाली राहतं हे खरं, पण जाळ्यात ते धडपडतं आणि धडपडीत श्वास झपाट्याने संपतो. ट्रॉलच्या बाबतीत ओढ अगदी आखूड असेल तर मरण्याचं प्रमाण कमी असतं आणि ओढ लांबली की ते वेगाने चढतं, हे अभ्यासांतून नीट दिसलेलं आहे. तेव्हा माझं पुढचं सगळं म्हणणं मुख्यतः गिलनेटवाल्यांसाठी आहे, ट्रॉलरचं शेवटी वेगळं बोलू.

आता किंमत. एक युक्तिवाद तुम्हाला पोस्टरवर नेहमी दिसेल: कासवं जेलीफिश खातात, म्हणून कासवं वाचली की मासळी वाढेल. हे अर्धवट आहे. लेदरबॅक कासव मुख्यतः जेलीफिशवर जगतं, पण आपल्या किनाऱ्यावर येतं ते बहुतेक ऑलिव्ह रिडले, आणि ते कुर्ल्या, शिंपल्या, कोळंबी, जेलीफिश, मिळेल ते खातं. तेव्हा "यंदा कासव वाचवा, पुढच्या वर्षी बांगडा वाढेल" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि कामाला लागा. व्हेल शार्कचं थोडं वेगळं आहे. तो प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि बारीक मासळी गाळून खातो, त्यामुळे तो तोंड वासून जिथे फिरतो तिथे पाण्यात खाद्य दाट आहे एवढं नक्की कळतं. पण त्यालाही कोणी घरखर्च चालवायला पुरेसा फायदा म्हणू नये.

माझ्या मते खरा हिशेब या प्राण्यांच्या संथ वाढीत आहे. बांगड्याची मादी वयात लवकर येते आणि अंडी लाखांनी टाकते, एखादं वर्ष वाईट गेलं तरी बांगडा सावरतो. डॉल्फिनच्या मादीला साधारण तीन वर्षांत एक पिल्लू होतं. करवत मासा आणि गिटारफिश पिल्लंच देतात, तीही मोजकी. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं घेते. अशा जनावराचं एक मोठं डोकं गेलं तर ती जागा भरायला एक पिढी लागते.

कासवाचा आकडा मांडूनच बघा. मादी एका घरट्यात साधारण १०० ते १२० अंडी घालते. हजार पिल्लांतलं एक मोठं होतं असा ढोबळ अंदाज धरला जातो. म्हणजे सगळी अंडी फुटली असं समजलं तरी एक कासव वयात यायला दहा घरटी हवीत. ते नर निघण्याची शक्यता निम्मी, म्हणून एक मादी हवी असेल तर वीस घरटी. हॅचरीतून, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातून, प्रत्यक्षात शंभरातली साठ-सत्तर पिल्लं बाहेर पडली तर हा आकडा तिसाच्या घरात जातो. कोकणातल्या कित्येक छोट्या किनाऱ्यांवर आख्ख्या हंगामात तीस घरटी लागत नाहीत. म्हणजे तुमच्या होडीवरून सुटलेली एक मोठी मादी, हिशेबाने, एका गावाने हंगामभर केलेल्या राखणीच्या तोडीची आहे. कासवमित्रांचं काम मी कमी लेखत नाही. रात्री-पहाटे किनारा तुडवायचा, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी घरटं शोधायचं, अंडी शक्य तितक्या लवकर, काही तासांच्या आत आणि उलटीपालटी न करता हॅचरीत हलवायची, हे सोपं नाही. पण फोटो निघतो पिल्लाचा. जाळं कापणाऱ्याचा निघत नाही, आणि हिशेबात तो मागे नाही.

अडकलेली मादीच होती का, हे ओळखायला शेपूट बघा. पूर्ण वाढलेल्या नराची शेपूट कवचाच्या बाहेर लांब आलेली असते, मादीची आखूड, कवचाखालीच राहते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये किनाऱ्याजवळ मिळालेली मोठी मादी बहुधा अंडी घालायला आलेली किंवा घालून परत निघालेली असते.

आणि ती फक्त तुमच्या गावची नसते. २०२३ मध्ये गुहागरला सॅटेलाइट टॅग लावलेली 'बागेश्री' दक्षिणेला जात श्रीलंकेपर्यंत पोचली होती. उलट दिशेने, ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. हे सांगण्यामागे कौतुक कमी आणि मुद्दा जास्त आहे: जनावर एवढ्या लोकांचं असेल, तर ते वाचवण्याचं बिल एकट्या तांडेलाच्या खिशातून जाणं बरोबर नाही. सरकारी नुकसानभरपाई मागताना तुम्ही कोणाचे उपकार मागत नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या.

त्या भरपाईकडे येण्याआधी कायदा, कारण बरीच माणसं भीतीपोटी गप्प बसतात. समुद्री कासवं, डॉल्फिन आणि व्हेल, व्हेल शार्क, करवत मासा, काही जातींचे गिटारफिश हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. व्हेल शार्क त्यात २००१ साली आला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गटासाठी शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड अशी आहे. मुद्दाम पकडणं, ठेवून घेणं, कापणं, विकणं हा गुन्हा. चुकून अडकलेलं सोडणाऱ्याला मात्र राज्य सरकार स्वतःच भरपाई देतं, म्हणजे जाळ्यात चुकून येणारच हे सरकारने धरून चाललेलं आहे. गडबड होते ती मेलेलं जनावर गुपचूप किनाऱ्यावर आणलं आणि कोणी फोटो व्हायरल केला, की. मेलेलं निघालं तर आहे तसा फोटो काढा, जागेची नोंद करा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवून ते सांगतील तसं करा. स्वतःहून कापाकापी नको. हाच नियम व्हेलच्या उलटीला, म्हणजे अंबरग्रीसला. वाळूत सापडली तरी ती बाळगणं आणि विकणं गुन्हाच आहे, आणि "कोटीला जाते" असं सांगत येणाऱ्या मध्यस्थाबरोबर तुरुंगात जाणारा शेवटी आपलाच पोरगा असतो.

आता प्रत्यक्ष सोडवणं. इंजिन न्यूट्रलला घ्या आणि होडी जनावराकडे न्या, जनावर होडीकडे ओढू नका. जाळ्याला ताण राहिला की फास घट्ट होतो आणि मग दुप्पट कापावं लागतं. ऑलिव्ह रिडले ३५ ते ५० किलोची असते, दोन माणसांत वर येते. एकाने मानेमागची कवचाची कड धरायची, दुसऱ्याने शेपटीकडची. पंखासारख्या हातांना धरून उचललं तर सांधा निखळतो. बोटं तोंडापासून लांब ठेवा, चोच कुर्लीची नांगी फोडते.

शक्य असेल तर जाळ्यासकट होडीत घ्या आणि मग कापा. पाण्यात वाकून कापताना सुरी आंधळी चालते आणि लागतील त्याच्या तिप्पट आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, तुटतात. होडीत कासव पोटावर ठेवायचं, आणि आधी मान मोकळी करायची, मग पुढचे पंख, शेवटी मागचे. उलट क्रमाने गेलात तर धडपडीत मानेचा फास आवळतो. दोन बोटं धाग्याखाली घाला, पात्याची धार बाहेरच्या बाजूला ठेवा आणि एकेक आस कापा. मोनोफिलामेंटला, म्हणजे एकेरी नायलॉन धाग्याला, सुरीपेक्षा बोथट टोकाची कात्री बरी. सुरी घसरते आणि चामडं किंवा तुमचा अंगठा कापते.

पैसा वाचतो तो इथे: फाडल्यासारखं आडवंतिडवं न कापता एका रांगेत कापत जा. सरळ रांगेत कापलेल्या चौकोनी भोकाला ठिगळ लावून विणता येतं. वेड्यावाकड्या भोकाची कड आधी साफ करावी लागते, त्यात दीडपट जाळं जातं. वरचा आणि खालचा दोर कासवासाठी कापायची वेळ सहसा येत नाही. दोर, फ्लोट आणि शिसं पुन्हा बांधायला जाळ्याच्या पटापेक्षा, म्हणजे विणलेल्या भागापेक्षा, जास्त मजुरी लागते.

सोडण्याआधी मानेभोवती, पंखांच्या मुळाशी बोट फिरवून बघा. धाग्याचं एक कडं राहिलं तरी पंखाचं रक्त तुटतं, पंख सडतो आणि गळून पडतो. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या जखमी कासवांत अशी पंख तुटलेली बरीच असतात, त्यांच्यासाठी डहाणूला उपचार केंद्र आहे. कासव टवटवीत असेल, डोकं वर काढत असेल, पंख आपटत असेल तर लगेच सोडा, पण फेकू नका. इंजिन न्यूट्रलला, आसपास जाळं पाण्यात नाही याची खात्री, आणि डोक्याकडून हलकेच सरकवा.

कासव निपचित पडलं असेल तर ते मेलं असं धरू नका. बरीचशी चांगली कासवं इथे फुकट जातात. डोळ्याच्या कोपऱ्याला बोटाने हलकं टोका, शेपटीला चिमटा काढा. किंचित जरी हाललं तरी जीव आहे, आणि नाही हाललं तरी आशा सोडू नका. पोटावर ठेवून मागची बाजू किमान १५ सेंटीमीटर उंच करा. दुमडलेलं जाळं किंवा मासळीचा क्रेट कवचाखाली लावला की झालं. डोकं खाली राहतं आणि फुप्फुसातलं पाणी निथळतं. अधूनमधून कवचाची एक बाजू चार बोटं उचला, मग दुसरी, असं हळूच डोलवा. कवच, मान आणि पंखांवर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, सावली करा. दर तीन तासांनी डोळ्याची-शेपटीची परीक्षा. किमान चार तास आणि गरज पडली तर २४ तासांपर्यंत थांबायचं. सगळ्यात जास्त चुका तीन होतात: पाठीवर उलटं करून छाती दाबणं, पाण्याच्या टबात ठेवणं (शुद्ध नसलेलं कासव त्यात बुडतं), आणि "समुद्रात गेलं की सावरेल" म्हणून लगेच सोडणं.

छोट्या होडीत चार तास जागा अडवून बसणं परवडत नाही, हे मान्य. पण परतीचा प्रवास तसाही असतो. निघतानाच १९२६ ला किंवा गावच्या कासवमित्राला फोन करून ठेवा, म्हणजे बंदरावर उतरताना होडीत कासव का आहे याचं उत्तर तयार असतं.

व्हेल शार्कला हे सगळं उलटं लागू होतं. सहा-सात मीटरचं जनावर जाळं अंगाला गुंडाळून घेतं, एकेक आस कापायला जवळ जाणं धोक्याचं, आणि शेपटीचा एक फटका होडीची फळी खिळखिळी करतो. इथे दोरच आधी कापायचा. जाळ्याचं एक टोक होडीला पक्कं बांधून ठेवा, डोक्याच्या पुढच्या बाजूला वरचा दोर एका जागी कापा, लागलाच तर त्याच रेषेत खालचाही, आणि जाळं पडद्यासारखं एका बाजूला उघडू द्या. दोन्ही बाजूंनी कापलंत तर मधला तुकडा जनावराबरोबर जातो. जाळंही गेलं आणि जनावरही मरणार. शेपटीला दोर बांधून ओढत बाहेर न्यायचा प्रकार करू नका. मासा उलटा ओढला की कल्ल्यांतून पाणी नीट वाहत नाही, आणि त्या वजनाखाली मणका दुखावतो. पाण्यात कोणीही उतरायचं नाही, रात्र असेल तर नाहीच.

डॉल्फिनला वेळ सगळ्यात कमी मिळतो, मिनिटांचा हिशेब. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र पाण्याबाहेर राहील एवढं आधी बघा, बाकी सगळं नंतर. त्या छिद्रात पाणी ओतू नका, शेपटीला धरून खेचू नका. डॉल्फिन जाळं फाडून मासळी पळवतात ही तक्रार खरी आहे. त्यावर आवाज करणारी यंत्रं वापरून बघितली जातात, पण सगळीकडे सारखा गुण येत नाही. रोजच्या कामात उपयोगी पडतं ते म्हणजे जाळं कमी वेळ ठेवणं आणि नको असलेली मासळी जाळ्याजवळ न टाकणं.

भरपाई. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष यांची योजना आहे: संरक्षित जनावर सोडवताना जाळं कापावं लागलं तर नुकसानीप्रमाणे, जास्तीत जास्त २५,००० रुपये. पैसे जाळ्याचे मिळतात, बुडालेल्या फेरीचे नाहीत, म्हणून हिशेब आधीच करून ठेवा. समजा जाळ्याचा पट ६,००० चा गेला आणि दोन माणसांची दोन दिवसांची विणकरी ८०० ने ३,२०० झाली, तर दावा ९,२०० चा. दोन दिवस होडी उभी राहिली ते तुमचं नुकसान, आणि या योजनेत आज तरी ते तुमचंच राहतं. लपवून उपयोग नाही.

पुरावा म्हणजे फोटो-व्हिडिओ, आणि अर्ज लटकतो तो बहुतेक त्यामुळेच. वाळूवर ठेवलेल्या कासवाचा एक सुंदर फोटो कामाचा नाही. हवेत चार: जनावर जाळ्यात अडकलेलं, मागे होडीचा नोंदणी क्रमांक दिसतोय; जाळं कापतानाचा; सुटून पाण्यात जातानाचा; आणि किनाऱ्यावर पसरलेलं फाटकं जाळं, शेजारी टेप किंवा माणूस उभा, म्हणजे माप कळेल. मोबाइलचं लोकेशन चालू, तारीख-वेळ बरोबर. जीपीएसच्या पडद्याचाही एक फोटो घ्या. फोटो कोण काढणार हे बंदरातून निघतानाच ठरवा, कारण कासव वर आल्यावर सगळ्यांचे हात ओले आणि गुंतलेले असतात. नौकेची नोंदणी, चालू परवाना, पासबुक आणि जाळ्याच्या खरेदीचं बिल एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये एकत्र ठेवा. परवान्याची मुदत संपलेली असणं आणि जाळ्याचं बिल नसणं, या दोन गोष्टी हमखास नडतात. अर्ज त्याच आठवड्यात मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. अर्जासोबत नेमकं काय जोडायचं ते तिथेच विचारून घ्या.

फोटोवर एवढा जोर देण्याचं कारण गुजरातमध्ये आहे. सौराष्ट्रच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कला 'बॅरल' म्हणत. शिकारीत पिंपं बांधली जात म्हणून ते नाव पडलं. यकृताचं तेल होड्यांना लावायला जायचं. २००१ च्या बंदीने शिकार कागदावर थांबली. २००४ पासून वनखातं, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्सच्या मोहिमेत मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि नाव पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. भावनेचं काम मोठं झालंच, पण दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने तेवढीच महत्त्वाची: मच्छीमारांच्या हातात कॅमेरे दिले. अधिकारी समुद्रात येऊन खात्री करेपर्यंत जनावर जाळ्यात ताटकळायचं ते थांबलं. तांडेल स्वतःच कापतो, स्वतःच फोटो काढतो आणि भरपाई मागतो.

आता महोत्सवाचा पैसा. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून महोत्सव सुरू झाला. आज आंजर्ले, गुहागर अशा बऱ्याच ठिकाणी पिल्लं सोडताना बघायला माणसं येतात. पण पाहुणा राहतो ज्याच्या घरात रिकामी खोली आणि स्वच्छ संडास आहे त्याच्याकडे, आणि मच्छीमार वाडीत ते बहुधा नसतं. म्हणून वाटणी आपोआप होईल असं समजू नका, ती ठरवून घ्यावी लागते. मी गावांना एक साधा मार्ग सुचवतो: दर पाहुण्यामागे २० रुपये 'जाळं निधी'त. हंगामात दोन हजार माणसं आली तर ४०,००० रुपये जमतात. एवढ्यात चार-पाच होड्यांना जाळ्याची उचल त्याच आठवड्यात देता येते. सरकारी भरपाई आली की उचल निधीत परत. फेरी बुडालेल्याला काही द्यायचं का, हेही ग्रामसभेने हंगामाआधी ठरवावं. निधी मच्छीमार सोसायटीच्या खात्यात असावा, महोत्सव समितीच्या नको. सोसायटीला कोणाचं जाळं गेलं हे दुसऱ्या दिवशीच कळतं.

डॉल्फिन दाखवायला होडी न्यायचा विचार असेल तर एवढंच: मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत, मेरीटाइम बोर्डाची परवानगी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट लागतं. कळपाच्या मागे धावायचं नाही, बाजूला न्यूट्रलमध्ये थांबायचं. पाठलाग केला की कळप ती जागा सोडतो आणि धंदा तुमचाच बसतो.

राहिला ट्रॉल. तुमचा नाही, पण तुम्ही शेजाऱ्यांबद्दल विचारलंत. अमेरिकेने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं २०१९ पासून बंद केलंय, कारण आपल्या ट्रॉलरवर कासव बाहेर काढणारं साधन, म्हणजे टेड, नाही. शेततळ्यातली कोळंबी जाते, समुद्रातली अडते. कासवाची किंमत थेट कोळंबीच्या दरात दिसते ती अशी.

टेड म्हणजे खोल्याच्या, म्हणजे माल साठतो त्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या, अलीकडे बसवलेली गजांची जाळी. गजांतलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, कोन ४५ अंशांच्या आसपास. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव गजांवरून सरकत वरच्या किंवा खालच्या दारातून बाहेर पडतं. कोन फार उभा झाला तर कचरा आणि कासव गजांवरच चिकटतात, फार आडवा झाला तर कोळंबी दारातून निसटते. "टेडने माल जातो" ही तक्रार बऱ्याचदा कोनाची असते. नवी जाळी पहिल्या काही ओढींत ताणते आणि कोन बदलतो, म्हणून पहिल्या आठवड्यात दोनदा जाळं टांगून मापावं. दाराचं फडकं दोरीने बांधून टाकणारेही आहेत, मग ते नुसतं वजन राहतं. मात्र एक तक्रार खरी आहे: जो कोळंबीबरोबर मोठी घोळ, मोठं पाकट यांवरही जगतो, त्याची ती मासळी गजांतून जात नाही, दारातून जाते. त्याला "नुकसान होत नाही" असं सांगणं खोटं आहे. त्याच्यासाठी नोव्हेंबर ते मार्चमध्ये किनाऱ्यापासून ठरलेल्या वावांच्या (वाव म्हणजे पाण्याच्या खोलीचं माप) बाहेर राहणं आणि ओढ आखूड ठेवणं हे निदान हातातलं आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत की कापलेला तुकडा समुद्रातच टाकला तर काय बिघडतं. नायलॉन कुजत नाही. तो तुकडा तळाशी किंवा पृष्ठभागावर फिरत राहतो आणि कासवांना, कुर्ल्यांना, तुमच्याच मासळीला अडकवत राहतो. शिवाय दाव्यासाठी नुकसानीचं माप दाखवायला तो लागतो. गुंडाळून होडीच्या तळाशी टाका, किनाऱ्यावर धुऊन पसरा, टेप लावून फोटो काढा, आणि पैसे खात्यात येईपर्यंत माळ्यावर ठेवा.